विषय सोडण्याआधी

दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो. त्याच दिवसांत आपल्याकडे वावरात वखरणी चालू असते, बियाण्याच्या बॅगांचे भाव काढायचे असतात आणि मृग तोंडावर आलेला असतो. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या नाचणगावात बहुतेक घरी पोराचे विषय अशा घाईत ठरतात. मोठ्या भावाने जे घेतलं ते, मैत्रिणी जिथे चालल्या तिथे, नाहीतर शेजारचा कोणी म्हणतो, ‘सायन्स नाही घेतलं त शिकला काय मंग?’ आणि बाप फॉर्मवर सही करून वावरात निघून जातो. त्या एका सहीवर पुढची दोन वर्षं उभी राहतात, कधी पुढची वीसही.

उभा जन्म मी पोरांच्या वह्या तपासण्यात आणि फॉर्म भरून देण्यात घालवला. त्यातून हाती लागलेलं सांगतो. माझं सगळं सांगणं एका ओळीत मावतं: घ्यायचा विषय आवडीने घ्या, पण सोडायचा विषय दहा वेळा विचार करून सोडा. घेतलेला विषय कठीण गेला तर मेहनतीने ओढता येतो. सोडलेला विषय मात्र जाताना एखादं दार लावून घेतो, आणि ते लागल्याचा आवाज त्या दिवशी कोणाला ऐकू येत नाही.

१. कोणता विषय कोणतं दार लावतो, ते पाठ करा

अकरावी विज्ञानाला इंग्रजी असतेच. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घ्यावंच लागतं, म्हणजे खरा प्रश्न गणित आणि जीवशास्त्राचा. पोरं म्हणतात पीसीएम, पीसीबी, नाहीतर चारही विषयांचं पीसीएमबी.

गणित सोडलं की इंजिनीअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं, मर्चंट नेव्ही गेली, वैमानिक होणं गेलं. एनडीएचं तर नीट समजून घ्या. लष्कराच्या शाखेला बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण नौदल आणि हवाई दलाला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. पुलगावचा दारूगोळा डेपो आपल्या उंबऱ्याला लागून आहे. वर्दीचं स्वप्न पाहणारी पोरं इथे घरोघरी सापडतात, पण हा फरक त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतो.

जीवशास्त्र सोडलं की एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, पशुवैद्यक आणि बीएस्सी नर्सिंग गेलं. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून आपल्या जिल्ह्यात आहे, सावंगीचंही आहे. रोज एसटीतून त्या इमारती पाहणाऱ्या पोरीने अकरावीत जीवशास्त्र सोडलं असेल, तर तिथे डॉक्टर म्हणून शिरायची वाट तिच्यासाठी जवळपास बंद झाली.

दोहोंतला कोणताही एक विषय असला तरी चालतं, असे अभ्यासक्रमही आहेत. बी.फार्म. आणि बीएस्सी कृषीला सीईटी पीसीएमची दिली काय नि पीसीबीची दिली काय, दोन्ही चालतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जायचं म्हणून गणिताशी कुस्ती खेळत बसायची गरज नाही. तसंच जीवशास्त्राचा कंटाळा आहे म्हणून शेतकीचं शिक्षण सोडायचीही गरज नाही.

आणि कोणताही विषय सोडला तरी दार लागत नाही, असेही पुष्कळ मार्ग आहेत. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, सीए, शिक्षक होण्याचं डी.एल.एड., एमपीएससीची राज्यसेवा, यूपीएससी, तलाठी भरती, या कशालाही बारावीची शाखा आडवी येत नाही. ‘कलेक्टर व्हायचं आहे म्हणून सायन्स घेतलं’ असं कोणी म्हणालं, तर त्याला जवळ बसवून हे समजावून सांगा.

मन पक्कं झालं नसेल आणि अभ्यासाची तयारी असेल, तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. मग इंग्रजी, एक भाषा आणि हे चार, असे सहा विषय होतात. ओझं आहे, खोटं कशाला सांगू. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी विचार करायला दोन वर्षांचा वेळ मिळतो, त्याची ही किंमत आहे.

२. बायफोकल घेताना काय जातं, तेही विचारा

‘बायफोकल घे, मार्क पडतात,’ असं कॉलेजात कानावर येईल. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स असे हे २०० गुणांचे विषय आहेत. चांगले आहेत, हाताला काही शिकवतात. पण ते दोन विषयांची जागा घेतात. एक भाषा जाते आणि बहुतेक वेळा गणित किंवा जीवशास्त्रापैकी एक. ज्याचं इंजिनीअरिंगचं ठरलेलं आहे, त्याने गणितासोबत बायफोकल घ्यायला काहीच हरकत नाही. ज्याचं ठरलेलं नाही, त्याने फक्त मार्कांसाठी घेऊ नये.

माहिती तंत्रज्ञान म्हणजे आयटी हा वेगळा विषय, १०० गुणांचा. तो दुसऱ्या भाषेच्या जागी तिन्ही शाखांत घेता येतो. कला शाखेच्या पोरांनी याचा विचार जरूर करावा. पुढे कचेरीत बसायचं असो की स्वतःचं दुकान टाकायचं असो, तो उपयोगी पडतो.

३. उगवण तपासून पाहा

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असलं, की आपण ते थेट पेरतो का? शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यावर ओळीत मांडतो, पोतं गुंडाळतो, पाणी शिंपडत राहतो आणि आठवड्याने उघडून किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या वर कोंब असतील तर बियाणं पेरणीचं, नाहीतर बाजाराचं. एका हंगामासाठी बाप एवढी परीक्षा घेतो. पोराच्या विषयाची उगवण मात्र कोणी तपासत नाही.

ती तपासता येते, आणि फुकट. बालभारतीची अकरावीची पुस्तकं मोबाईलवर उतरवून घेता येतात. परीक्षा संपल्यावर निकालापर्यंतचा काळ मोकळाच असतो. ज्या विषयांबद्दल मन दोन्हीकडे आहे, त्यांची पुस्तकं उघडा आणि प्रत्येकाला एक आठवडा द्या, रोज एक तास. भौतिकशास्त्राचा पहिला धडा एकक आणि मापनाचा आहे, जीवशास्त्राचा सजीवांच्या जगाचा, गणिताचा कोन आणि त्याच्या मापनाचा. धडा वाचा आणि मागची उदाहरणं स्वतः सोडवायला घ्या. यूट्यूबवर कोणीतरी सोडवताना पाहणं यात धरू नका. दुसऱ्याने सोडवलेलं सगळ्यांनाच सोपं वाटतं.

आठवडा झाला की स्वतःला एकच गोष्ट विचारा: उदाहरण चुकलं तेव्हा काय झालं? परत करून पाहावंसं वाटलं, की पुस्तक मिटावंसं वाटलं? पहिल्या आठवड्यात चुका सगळ्यांच्याच होतात. चुकल्यावर परत वही ओढणारं पोर त्या विषयात टिकतं. सगळं बरोबर आलं पण घड्याळाकडेच लक्ष होतं, तर तेही काही सांगून जातं.

वाणिज्याची उगवण घरच्या वहीत तपासता येते. आठ दिवसांचे घरचे व्यवहार लिहून काढा. समजा, बाबांनी कृषी केंद्रातून खताच्या बॅगा उधारीवर आणल्या. खरेदीचं खातं नावे पडतं आणि कृषी केंद्राचं खातं जमा होतं. कापूस विकून उधारी फेडली, तर केंद्राचं खातं नावे आणि रोख जमा. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या पाहिजेत. जुळल्या की मनाला बरं वाटतं आणि नाही जुळल्या तर चूक शोधल्याशिवाय जेवण गोड लागत नाही, असं ज्या पोराचं होतं, त्याच्यासाठी बुककीपिंग चांगलं.

कला शाखेसाठी वर्तमानपत्रातली एक मोठी बातमी घ्या. तिच्या मागे काय झालं होतं, ती कुठल्या भागातली आहे, त्यात कोणाचा फायदा नि कोणाचा तोटा, हे स्वतःच्या शब्दांत दोन पानं लिहा. लिहिताना हात थांबत नसेल, तर इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र तुमचे आहेत.

४. टक्केवारीच्या मागे पाहा

दहावीला सहा विषय, ६०० गुण. पण टक्केवारी निघते ती सर्वांत चांगल्या पाच विषयांची. म्हणजे ज्या पोराला ८५ टक्के आहेत, त्याचा सर्वांत कच्चा विषय त्या ८५ मध्ये मोजलेलाच नाही. तो विषय गणित असेल आणि पोरगा पीसीएम मागत असेल, तर थांबून बोलायला हवं. गुणपत्रिकेवर आधी वगळलेला विषय शोधा.

दुसरं, १०० पैकी २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते जवळपास सगळ्यांना भरभरून मिळतात. उरलेल्या ८० मध्ये किती पडले असावेत, याचा अंदाज घ्या.

तिसरं, सराव परीक्षेचे पेपर जपून ठेवा. गणितात भाग एक बीजगणिताचा आणि भाग दोन भूमितीचा, ४०-४० गुणांचे. भूमितीत पडलेल्या गुणांनी बीजगणिताची पडती बाजू झाकली जाते. अकरावीच्या भौतिकशास्त्राला बीजगणित पावलोपावली लागतं. विज्ञानाचंही तसंच. भाग एकमध्ये गुरुत्वाकर्षण, भिंगं, विद्युतधारा, रासायनिक अभिक्रिया. भाग दोनमध्ये आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया. कोणत्या भागात हात चालला, ते पेपर उघडून पाहा.

आणि एक गैरसमज मनातून काढून टाका. गणित नको म्हणून पीसीबी घेतलं की गणितापासून सुटका होत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ७२० गुणांपैकी जीवशास्त्राचे ३६० आहेत, पण भौतिकशास्त्राचेही १८० आहेत, आणि ते सदिश, त्रिकोणमिती, समीकरणांशिवाय सुटत नाहीत. पीसीबीच्या पोरांनी सुरुवातीच्या महिन्यांत एवढं गणित बाजूला बसून शिकून घ्यावं.

५. मराठी माध्यमाच्या पोरांनो, जून वाया घालवू नका

अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत आहेत. दहावीपर्यंत त्वरण, घनता, पेशी, अपवर्तन शिकलेल्या हुशार पोराला ऑगस्टमध्ये वाटू लागतं की आपल्याला विज्ञानच जमत नाही. जमत असतं. फक्त शब्द नवे असतात. या एका कारणाने दिवाळीत विज्ञान सोडणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण यावर उपाय सोपा आहे.

दहावीची विज्ञानाची पुस्तकं सेमी-इंग्रजीवाल्या पोराकडून मागून घ्या. तोच धडा, तीच चित्रं, फक्त इंग्रजीत. मराठी पुस्तक डावीकडे, इंग्रजी उजवीकडे ठेवा आणि धडा ओळीने वाचा. अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे वाक्य उलगडत जातं. त्वरण म्हणजे अॅक्सलरेशन, घनता म्हणजे डेन्सिटी, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, अशी यादी वहीच्या मागच्या पानांवर करत राहा. रोज एक तास दिला तर कॉलेज सुरू होईपर्यंत दोन्ही भाग संपतात. हे केलेलं पोर पहिल्या दिवसापासून फळ्याकडे पाहतं, न केलेलं शेजाऱ्याच्या वहीकडे.

नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, हेही लक्षात असू द्या. पण दोन वर्षं इंग्रजीतून शिकून ऐनवेळी मराठी निवडू नका. काय करायचं ते अकरावीतच ठरवा आणि त्याच भाषेत सराव करा.

६. कॉलेजात विषय आहे की विषयाचे सर आहेत, ते विचारा

माहितीपुस्तकात विषयाचं नाव छापलेलं असणं वेगळं आणि तो शिकवायला माणूस असणं वेगळं. चौकशी त्याच कॉलेजात बारावीला असलेल्या पोरांकडे करा. त्यांना तीन प्रश्न विचारा. या विषयाला वर्षभर सर किंवा मॅडम होते का? प्रात्यक्षिकं आठवड्याला होतात की परीक्षेच्या तोंडावर? मागच्या वर्षी अभ्यासक्रम कधी संपला? भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र प्रत्येकी ७० गुणांचा लेखी पेपर आणि ३० गुणांचं प्रात्यक्षिक असं आहे. ज्या पोराने ब्युरेट कधी हातात धरलं नाही, त्याला त्या ३० गुणांत मिळालेला आकडा पुढे कामाला येत नाही.

मग अंतर पाहा. नाचणगावहून पुलगाव म्हणजे पायी किंवा सायकलीवर. वर्धा रेल्वेने तीसेक किलोमीटर. जाण्यायेण्यात रोज किती तास जातील ते आधी मोजा आणि मग अभ्यासाला किती उरतात ते पाहा. वर्ध्याला आवडीचा विषय आणि चांगले सर असतील तर तेवढा प्रवास सार्थकी लागतो. नुसत्या कॉलेजच्या नावासाठी तो करू नये.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. आपल्या भागाला ही पद्धत नवी आहे. अर्जात एकपासून दहापर्यंत पसंतीक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच भरा जिथे जायला खरोखर तयार आहात. सायबर कॅफेवाल्याला ‘भरून दे भाऊ’ म्हणून निघून येऊ नका. शाखा, विषय, क्रम स्वतः वाचा, मग बटण दाबू द्या.

नागपूरच्या क्लासला पाठवून इकडच्या कॉलेजात नुसतं नाव ठेवण्याची चाल पडली आहे. आईबापांनी पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या. एक, पोराची उगवण तपासली आहे का? दुसरी, ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पोरांसाठी नागपूरची महाज्योती संस्था दहावीनंतर जेईई, नीट, सीईटीचं मोफत प्रशिक्षण देते. तिची जाहिरात निघते त्या दिवसांत डोळे उघडे ठेवा.

७. कला आणि वाणिज्यात विषय निवडा, उरलेले उचलू नका

कला शाखेला गेलेल्या पोराला सहसा विषय कोणी विचारतच नाही. कॉलेजने जो गट दिला तो घेऊन पोर घरी येतं. हे चुकीचं आहे. एक उदाहरण देतो. वनरक्षकाच्या भरतीला बारावीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो. कला शाखेत भूगोल किंवा अर्थशास्त्र घेतलेलं पोर पात्र ठरतं. हे दोन्ही सोडून बाकीचं घेतलेलं पोर पळण्यात पहिलं आलं तरी अर्ज भरू शकत नाही. आपल्या पोरांत धावायचं बळ आहे. ते एका विषयापायी वाया जाऊ नये.

एमपीएससीकडे पाहणाऱ्याने इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र जवळ ठेवावे. परीक्षेचा पाया तोच आहे. भाषेत गोडी असेल तर मराठी-हिंदी-इंग्रजी गंभीरपणे शिका. भाषा आणि अनुवाद शिकवणारं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून आपल्या वर्ध्यातच आहे.

वाणिज्यात गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे एसपी, असा पेच असतो. एसपीत मार्क सोपे म्हणतात. पण सीएच्या फाउंडेशनमध्ये व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर आहे. ज्याला सीए, सीएमए किंवा बँकेच्या स्पर्धापरीक्षांकडे जायचं आहे, त्याने गणित ठेवावं.

८. अकरावीशिवाय वाट आहे, आणि ती मानाची आहे

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. शिक्षण मातृभाषेतून व्हावं आणि ते हाताच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेलं असावं, असं तिथे ठरलं. पुढे झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला आणि देशाने त्याला नई तालीम म्हणून ओळखलं. ज्या जिल्ह्यातून हा विचार निघाला, त्याच जिल्ह्यात आज ‘आयटीआयला गेला’ हे वाक्य हळू आवाजात बोललं जातं, याची मला खंत वाटते.

दहावीनंतर पॉलिटेक्निक तीन वर्षांचं आहे. आर्वी, यवतमाळ, अमरावती, नागपूर इथे शासकीय पॉलिटेक्निक आहेत. डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, फिटरसारखा ट्रेड दोन वर्षांचा. तो करून पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आयटीआयमधून डिप्लोमा आणि डिप्लोम्यातून डिग्री अशी शिडी लावलेली आहे. मधल्या कोणत्याही पायरीवर थांबलं तरी हातात काम असतं. रेल्वेची अप्रेंटिस भरती मुख्यतः आयटीआयवाल्यांसाठी असते आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यांतही ट्रेडला किंमत आहे.

पुलगावची कापडगिरणी चालू होती तेव्हा तिचा भोंगा कायमचा वाटायचा. गिरणी बंद पडली. ज्यांना एकाच मशीनचं एकच काम येत होतं ते अडकले, ज्यांच्या हातात पूर्ण कसब होतं त्यांनी दुसरीकडे पोट भरलं. ट्रेड निवडताना हे ध्यानात ठेवा: एका कारखान्यापुरता शिकू नका, कामाचं मूळ शिका.

९. आठवी-नववीतल्यांनी आत्ताच करायच्या गोष्टी

हिंदी पूर्ण की हिंदी-संस्कृत संयुक्त, हा प्रश्न मार्कांवर सोडवू नका. पाठांतर आणि व्याकरणात रस असेल तर संस्कृत घ्या, नाहीतर पूर्ण हिंदी बरी.

चित्रकला येत असेल तर इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा द्या. तिचे वाढीव गुण दहावीला मिळतात: अ श्रेणीला सात, ब ला पाच, क ला तीन. खेळाडूंनाही सवलतीचे गुण आहेत, पण प्रस्ताव शाळेतून वेळेत जायला हवा.

सीबीएसई शाळेतल्या पोरांना दहावीला गणित बेसिक की स्टँडर्ड निवडावं लागतं. अकरावीत गणित घ्यायची थोडीही शक्यता असेल तर स्टँडर्ड घ्या.

अक्षरं किंवा आकडे उलटसुलट होणाऱ्या, म्हणजे अध्ययन अक्षमता असलेल्या पोराला आळशी म्हणू नका. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्राची माहिती घ्या. राज्य मंडळात अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक, आणि गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित अशा सवलती आहेत. त्या हक्काच्या आहेत.

१०. कागद विषयाइतकेच महत्त्वाचे

जातीचा दाखला, उत्पन्नाचा, अधिवासाचा, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, हे सगळे निकालाआधी काढून ठेवा. विज्ञानाच्या पोरांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकावा. बारावीनंतर धावाधाव केली की हातातली जागा जाते.

११. आईबापांना

पोरगी आहे म्हणून जवळचं कॉलेज, आणि जवळच्या कॉलेजात तो विषय नाही म्हणून दुसरा विषय, असं अजूनही होतं. हे थांबवा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे. २०२४ च्या जुलैपासून, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पैशाची अडचण सरकारने बरीच कमी केली, उरलेली अडचण आपल्या मनातली आहे. पोरीचा विषय घरापासूनच्या अंतराने ठरू देऊ नका.

पोराने विषय सांगितला की आधी ‘का?’ विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. तुमच्या मनातला विषय वेगळा असेल तर दोन्हींची उगवण तपासायला लावा. आठवड्याने पोराची वही तुमच्यापुढे असेल, मग भांडायचं कारण उरत नाही. पेरणीची घाई कितीही असो, त्यातली एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवा.

१२. आणि चुकलंच तर

अकरावीच्या पहिल्या दिवसांत कॉलेजात अर्ज देऊन विषय किंवा शाखा बदलता येते. लाजेपायी वर्ष काढू नका, लवकर बोला. बारावी विज्ञानानंतर बीए, बीकॉमला जाता येतं, कायद्याला जाता येतं. कला शाखेतून मात्र बीएस्सी, इंजिनीअरिंगकडे परतता येत नाही. सुटलेला विषय बारावीनंतर मंडळाकडे तुरळक विषय म्हणून देण्याची सोय आहे, पण त्यात एक वर्ष खर्ची पडतं. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते. नापास हा शब्द ऐकून शाळा सोडून मजुरीला लागायचं काहीच कारण नाही.

एवढं सगळं वाचून झालं की अर्ज भरायच्या आदल्या रात्री कोऱ्या कागदावर दोन वाक्यं लिहा. मी हा विषय घेतो किंवा घेते, कारण अमुक. मी तो विषय सोडतो किंवा सोडते, कारण तमुक, आणि त्याने अमुक वाट बंद होईल हे मला माहीत आहे. दुसरं वाक्य लिहिताना पेन अडलं, तर अजून चार जणांना विचारा, पुस्तक पुन्हा उघडा. ते न अडखळता लिहिता आलं, तर तो कागद आईबाबांना वाचून दाखवा, आणि मग निर्धास्तपणे अर्ज भरा.